पातळमामा आणि कानशाचं पातेलं

"आत काय गेलं ते मागाहून सांगा. बाहेर काय आलं ते आधी सांगा."

उंबरा ओलांडला की पातळमामांच्या तोंडून पहिलं हेच वाक्य यायचं. कुणी खुर्ची पुढे करो, कुणी पाणी आणो, मामा आधी हे विचारणार आणि मगच बूड टेकणार. नव्या माणसाला वाटायचं, हा गृहस्थ हे काय भलतंच विचारतोय! जुन्यांना ठाऊक होतं. माणूस खोटं बोलतो, डोळे खोटं बोलतात, नाडीसुद्धा कधी कधी हुलकावणी देते. पोट मात्र खोटं बोलत नाही, असा मामांचा एकतीस वर्षांचा अनुभव होता.

नाव पातळ, पण देह असा की आमच्या दारातून आत येताना मामांना जरा तिरकं व्हावं लागे. हे नाव त्यांना रुग्णालयाच्या स्वयंपाकघरानं दिलं. ज्यांना घास गिळवत नाही, ज्यांचं पोट नुकतंच शिवलेलं आहे, ज्यांची भूकच मेली आहे, अशांसाठी जे पातळ पातळ शिजवायचं असतं ते सगळं मामांच्या हातचं. मामा तिथे लागले ते भांडी घासायला. घासायच्या आधी ते ताटं बघत. कुणाचा भात तसाच, कुणाचं फक्त पाणी संपलेलं, कुणी अंडं तोंडात घालून पुन्हा ताटात काढून ठेवलेलं. कोणत्या खाटेवरचं ताट कसं परत आलं हे ते मोठ्या आचाऱ्याला सांगू लागले. आचारी डॉक्टरांना सांगू लागला. पुढे डॉक्टरच मोरीपाशी येऊन विचारू लागले. मामा अक्षर ओळखायला शिकले ते फार उशिरा, पण परत आलेलं ताट ते आधीपासून वाचत होते. कुठल्याही शाळेत हे शिकवत नाहीत, आणि शिकवलं असतं तरी सगळ्यांना आलं नसतं.

आमची त्यांची गाठ पडली ती आबांमुळे. आबा म्हणजे माझे वडील.

आमच्या गावाबाहेर लाकडाची वखार आहे. ओंडके येतात, फळ्या होऊन जातात. मधोमध पट्ट्याची मोठी करवत, आणि तिच्या दातांना धार लावणं हे आबांचं काम. एकेका दाताला कानस लावायची, अंगठ्यानं चाचपायचं, पुढच्या दाताकडे जायचं. शेकडो दात. आबांनी लावलेली धार लाकडात शिरली की ओंडका ओरडत नसे, नुसता सुस्कारा टाकी. आता ते काम मी करतो. मी केलं की ओंडका थोडा ओरडतो.

वखारीत एक कुत्रा होता, कानशा. भुशाच्या रंगाचा, मोठ्या हाडाचा. जीभ कानशीसारखी खरखरीत म्हणून आबांनीच हे नाव ठेवलेलं. एका दुपारी आबा फळ्यांच्या थप्पीमागे कोसळले. अर्धांगाचा झटका. करवत चालू असली की तिथे माणसानं माणसाला हाक मारलेली ऐकू येत नाही, मग पडल्याचा आवाज कुठून येणार? कानशा धावत सुटला आणि त्यानं करवत्याची विजार दातांत धरली. करवत्या म्हणजे करवत चालवणारा आमचा माणूस. चालत्या करवतीपाशी त्याला कुणी हात लावायचा नाही, हा वखारीचा पहिला नियम. त्यानं लाथ हाणली. कानशा कळवळला, पण विजार सोडली नाही. शेवटी करवत्यानं ओंडका अर्ध्यात असताना करवत थांबवली. असं त्या वखारीत पूर्वी कधी झालं नव्हतं.

डॉक्टर म्हणाले, अर्धा तास उशीर झाला असता तर काही खरं नव्हतं.

रुग्णालयात आबांना पाणीसुद्धा गिळता येईना. साधं पाणी दिलं की ठसका. तिथे पातळमामा आले, वाटीतलं पाणी जरा घट्टसर केलेलं, एका वेळी अर्धाच चमचा. "हनुवटी खाली घ्या. घाई नाही. मी काही बस पकडायला निघालेलो नाही." आबांनी गिळलं. तो पहिला घोट खाली उतरताना मी पाहिला. बावीस दिवस मामांनी त्यांना भरवलं. आबा घरी आले त्याच महिन्यात मामा निवृत्त झाले आणि बाजारामागच्या गल्लीत बहिणीच्या दुकानाशेजारी खोली घेऊन राहिले.

आबा घरी आले खरे, पण उजवा हात लोंबता, आणि शब्द तुटके. त्या तुटक्या शब्दांची त्यांना इतकी लाज, की ते आमच्याशी बोलेचनात. बोलत ते फक्त कानशाशी. सकाळी तो दाराशी येऊन बसे, आबा काठी घेऊन उठत, आणि दोघे वखारीच्या फाटकापर्यंत जाऊन परत येत. आबा थांबले की तोही थांबे. डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम आबांनी आमच्या सांगण्यावरून एक दिवस केला नाही. कुत्र्यासाठी मात्र ते रोज चालले.

मग कानशाचं कौतुक किती करावं? वखारीच्या मालकीणबाई सायीसकट दूध पाजत. करवत्याला लाथेचा पश्चात्ताप. तो आपल्या डब्यातलं कांदा-लसूण घातलेलं मांस हाडांसकट त्याच्यापुढे टाकी. फळ्या रचणारे बिस्किटं देत. माझी बायको उरलेला भात तुपात परतून घाली. आणि मी? मी रोज सकाळी लोणी लावलेला पाव. प्रत्येकाला वाटे, बिचाऱ्याला मीच काय तो देतो. चार महिन्यांत कानशाची कंबर दिसेनाशी झाली. आम्ही म्हणायचो, काय बाळसं धरलंय!

एका सकाळी तो दाराशी आला नाही.

आबा काठी घेऊन ताटकळले. मी वखारीत जाऊन पाहतो तर कानशा भुशाच्या ढिगाशेजारी पाठीची कमान करून उभा. ना बसवत होतं ना निजवत होतं. समोर पिवळं ओकलेलं, मागे सगळी घाण. जनावरांचे डॉक्टर आले. त्यांनी पोट चाचपलं, सुया टोचल्या, सलाईन लावलं. म्हणाले, "पोटातली एक ग्रंथी सुजली आहे. इतकी चरबी त्याला सोसली नाही. औषध माझ्याकडे आहे. पण उद्यापासून याच्या पोटात जे जाईल ते मोजूनमापून गेलं पाहिजे. तीन दिवस अन्न टिकलं तर जगेल. मी रोज येईन, पण भरवायला जाणतं माणूस बघा."

आम्ही कानशाला घरी आणून ओसरीवर ठेवलं. आबा त्याच्या डोक्याशी बसले. त्यांनी समोरचं ताट दूर सरकवलं. दुपारीही सरकवलं. संध्याकाळीही सरकवलं. तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की इथे जीव एकाचा नाही, दोघांचा टांगणीला लागला आहे.

मी बाजारामागच्या गल्लीत गेलो.

"मामा, कुत्रा आजारी आहे," मी म्हणालो.

"मी माणसांचा आचारी."

"आबा जेवत नाहीत."

मामांनी पायात चपला सरकवल्या. "हे आधी सांगायचं की रे."

आले, तिरके होऊन आत शिरले, आणि त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला. आत काय घातलं ते प्रत्येकाला पाठ. बाहेर काय आलं ते चार महिन्यांत एकानंही पाहिलं नव्हतं.

"वा! पाहुणा म्हणून ठेवलाय की कुत्रा म्हणून?" मामा म्हणाले. "बोलवा सगळ्यांना."

ओसरीवर सगळे जमले आणि कबुलीजबाब सुरू झाले. मालकीणबाईंनी दूध सांगितलं. करवत्यानं मान खाली घालून डबा सांगितला.

"कांदा?"

"असतो की, मामा. त्याशिवाय चव कशी येणार?"

"तुझ्या जिभेला चव, त्याच्या रक्ताला विष. कांदा-लसूण कुत्र्याला चालत नाही. आणि हाडं शिजवलेली?"

"मऊसूत."

"मऊ कसली? शिजलेलं हाड फुटलं की त्याच्या सली होतात. तुमच्या बोटात लाकडाची सल गेली तर अख्खी वखार डोक्यावर घेता. याच्या आतड्यात गेली तर तो कुणाला दाखवणार?"

बायकोनं तूपभात सांगितला. मी पाव सांगितला. मामा बोटांवर मोजत गेले आणि म्हणाले, "म्हणजे हा दिवसातून सात वेळा जेवत होता. मी एवढा, तरी मी तीनदा जेवतो."

हसू आलं सगळ्यांना, पण मामा हसले नाहीत. ते आबांकडे बघत होते. चार महिन्यांपूर्वी त्यांनी रुग्णालयातून धाडलेले आबा आता आणखी वाळले होते, गालाची हाडं वर आलेली.

"सूनबाई, आबा जेवतात कसे? आज सोडा, रोज?"

"रोज सगळं संपवतात," बायको अभिमानानं म्हणाली. "अंडं, मांस, सगळं. इतकं लख्ख ताट, की घासायचीसुद्धा गरज नाही."

"परवाचं ताट आहे का कुठे?"

परवाचं ताट कसं असणार? पण कालच्या न्याहारीची बशी खाटेखाली राहून गेली होती. बायकोनं ती काढून दिली. मामांनी ती दिव्यापाशी नेली, उजेडात तिरपी धरली, कडेवरून बोट फिरवलं.

"ही बशी माणसानं संपवलेली नाही," ते म्हणाले. "आजारी माणसाच्या ताटाला कडेला काहीतरी राहतंच. डावा हात तर सांडवतोच. ही चाटलेली आहे. आबा, किती दिवस?"

आबांनी तोंड फिरवलं. त्यांच्या बऱ्या हाताची मूठ कुत्र्याच्या मानेवरच्या केसांत होती.

खाट ओसरीला लागूनच्या खोलीत. सूनबाई ताट ठेवून चुलीकडे वळली की कानशा आत, ताट खाली. चार महिने आबांचं अंडं, आबांचं मांस, आबांसाठी घातलेलं लोणी, सगळं कानशाच्या पोटात. आमच्या पावांनी आणि दुधानं जेवढं बिघडवलं, त्याहून जास्त त्या एका ताटानं.

"त्याचंच," आबा म्हणाले. शब्द फुटायला किती वेळ लागला! "जीव... त्यानं दिला."

"दिला. मग तोच जीव त्याच्या घशात परत कोंबायला निघालात होय?" मामांचा आवाज चढला नाही. "त्यानं तुम्हाला वाचवलं ते तुम्ही वाळावं म्हणून? आणि त्यानं मरावं म्हणून? आबा, मी बावीस दिवस तुम्हाला अर्धा अर्धा चमचा भरवला. भरपूर घालायला माझा हात शिवशिवत नव्हता का? देणाऱ्याला बरं वाटावं म्हणून द्यायचं नसतं. घेणाऱ्याला लागेल तेवढंच द्यायचं."

आबा रडले. झटक्यानंतर पहिल्यांदाच रडले. मामांनी रडू दिलं, आणि मग बाह्या सरसावल्या.

दुसऱ्या दिवसापासून आमच्या घरात एकच पातेलं कुत्र्याचं झालं, आणि एकच हात भरवणारा. तो हात आबांचा, आणि तोही उजवा. कातडी काढलेली कोंबडी मिठाशिवाय उकडायची, मऊ भात शिजवायचा, आणि दोन्ही एकत्र कुस्करायचं. आबांच्या बोटांत जोर नव्हता. घास निसटे. मामा शेजारी बसून असत. "घाई नाही. तोही कुठे जात नाही, तुम्हीही नाही." दिवसातून सहा वेळा, दर वेळी दोन चमचे. अट एकच. आधी आबांनी मामांच्या डोळ्यांदेखत आपलं ताट संपवायचं, मग कानशाची वाटी भरायची. आबांनी दोन दिवस घास असे गिळले, जणू औषधच. तिसऱ्या दिवशी त्यांनी भात मागून घेतला.

तिसऱ्याच दिवशी माझ्या हातून चूक झाली. कानशानं मान उचलून माझ्याकडे पाहिलं. ते डोळे! माझ्या हातात न्याहारीचा पाव होता. फार नाही, बोटभर तुकडा. लोणी लावलेला. तासाभरात सगळं बाहेर आलं, आणि तो पुन्हा पाठीची कमान करून उभा राहिला. डॉक्टर दुपारीच धावत आले. आबांनी माझ्या बायकोकडे, तिनं करवत्याकडे पाहिलं. मामा आले, त्यांनी ओकारीकडे पाहिलं, आणि कुणालाही काही विचारलं नाही. त्या न विचारण्यानंच मला बोलतं केलं.

"मी दिला, मामा."

"ठाऊक आहे. लोण्याचा वास आहे." मग माझ्या पाठीवर तो जड हात ठेवून म्हणाले, "रुग्णालयात मीही एकदा असंच एकाला द्राक्षं दिली होती. फार गोड बोलून मागितली त्यानं. चल, पुन्हा पहिल्यापासून."

आणि पुन्हा पहिल्यापासून. पाणी, मग अर्धा चमचा, मग चमचा. मामा रोज सकाळी सातला येत. बाहेर काय आलं याची खबर ठेवायचं काम त्यांनी करवत्याला दिलं. लाथेची फेड म्हणून तो ते इमानानं करी. "आज नुसता चिखल, मामा." "आज ओला भुसा." आणि आठव्या दिवशी तो फाटकातूनच ओरडत आला, "मामा! आज फावड्यानं अख्खं उचललं! तुटलं नाही!" मालकीणबाईंनी टाळ्या वाजवल्या. बाहेरून जाणाऱ्या माणसाला वाटलं असेल, यांच्याकडे कुणाला लॉटरी लागली की काय.

हळूहळू पातेलं वाढलं. एकदम काही बदलायचं नाही, हा मामांचा कडक नियम. नवं काही घालायचं तर आधी चिमूटभर, दुसऱ्या दिवशी चमचाभर, आठवडाभरानं वाटीत. कोंबडीबरोबर उकडलेला भोपळा आला, गाजर आलं. पोट धरून राहतं ते भोपळ्यानं, असं मामा म्हणत. कधी उकडलेलं अंडं, शनिवारी काळजाचा बोटभर तुकडा, चमचाभर घट्ट दही. हाडांऐवजी डॉक्टरांनी दिलेली पूड. सकाळ-संध्याकाळ, ठरल्या वेळी दोनदा, आणि पाण्याचं भांडं रोज घासलेलं. डॉक्टर दर पंधरवड्याला वजन करत आणि पातेल्यात डोकावून मान हलवत.

पण वखारीतल्या माणसांचे हात कसे बांधणार? चार महिन्यांची सवय. मामांनी कुणाला मना केलं नाही. ते वखारीत गेले, करवतीशेजारी उभे राहिले आणि म्हणाले, "ज्याला ज्याला कानशाला काही द्यायचंय त्यानं ते पातेल्यात द्यावं. तोंडात नाही." दुसऱ्या दिवशी करवत्यानं परसातला भोपळा आणला. मालकीणबाईंनी अंडी पाठवली. फळ्या रचणाऱ्यांनी गाजरं. ज्याच्याकडे काहीच नव्हतं तो येऊन कानशाची मान खाजवून जाई, आणि कानशाला तेही पातेल्याइतकंच आवडे. सगळ्या वखारीची माया एका पातेल्यात शिजू लागली.

आणि ते कुस्करता कुस्करता आबांचा हात परत आला. कुणी तो व्यायाम म्हणून करवून घेतला नव्हता. भोपळा, गाजर, भात, रोज दोनदा. आधी अंगठा वळला, मग मूठ मिटली. एक दिवस मी धार लावत असताना आबांनी माझ्या हातातली कानस घेतली आणि एका दातावरून फिरवली. एकाच. मग परत दिली आणि मान हलवली, म्हणजे, असं. इतकी वर्षं जे माझ्या ध्यानात आलं नव्हतं ते त्या एका दातात आलं.

मामांच्या फेऱ्या विरळ झाल्या. रोजच्या आठवड्यावर आल्या, आठवड्याच्या पंधरवड्यावर. शेवटच्या दिवशी ते आले ते उन्हं उतरताना. कानशाच्या बरगड्यांवरून त्यांनी हात फिरवला. हाताला लागतात पण डोळ्याला दिसत नाहीत, असं हवं, म्हणाले, आणि आता तसंच होतं. आबांचा दंड चाचपला, जसा बाजारात भाजी घेताना चाचपतात, आणि म्हणाले, "झालं. आता माझं इथे काही काम नाही. बहिणीच्या दुकानात हातभार लावायला जातो, येत नाही म्हणून ती रोज शिव्या घालते."

बायकोनं त्यांच्यासाठी कापड आणलं होतं, ते घेईनात. त्या माणसाचे उपकार मी कोणत्या तोंडानं मोजणार? त्यांनी माझ्या बापाला दोनदा जेवायला शिकवलं.

मामा चपला घालू लागले तेव्हा मागून आवाज आला.

"मामा. जेवून... जा."

आबा बोलले होते. कुत्र्याशी नव्हे, माणसाशी. बायकोच्या हातातला पेला तसाच राहिला.

मामा वळले. त्यांचा तो मोठा चेहरा कसा झाला ते मला सांगता येणार नाही. "आज नको, आबा," ते म्हणाले. "बहिणीनं मांडून ठेवलं असेल. पण आता बोलावलंत, म्हणजे यावं लागणार."

"रवि... वारी."

"रविवारी."

मग ते तिरके होऊन दारातून बाहेर पडले आणि वखारीच्या बाजूनं चालू लागले, एका बाजूला जरा झुकून, वजनदार माणसं चालतात तसे, मध्येच थांबून दम खात. आबा काठी न घेता फाटकापर्यंत गेले आणि खांबाला हात टेकून उभे राहिले. कानशा त्यांच्या पायाशी बसला. थप्पीवरून करवत्यानं हात वर केला, तो मामांना दिसला नाही. बायको खिडकीत होती, मी तिच्या मागे. रस्ता ओंडक्यांच्या ढिगापाशी वळतो तिथवर आम्ही सगळे त्या रुंद पाठीकडे बघत राहिलो. ती दिसेनाशी झाली तरी आबा हलले नाहीत.